गाडीच्या पार्टचा रेट कसा काढायचा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या नव्या इंजिनिअरांसाठी

ड्रॉइंग आलं की लगेच टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) बघत बसू नका, आधी वर्षाला किती नग लागणार ते विचारा, कारण सगळा खेळ तिथंच आहे बघा. समजा डायला (पार्टच्या साच्याला) ६ लाख लागले आणि ६०,००० नग गेले तर नगामागं १० रुपये, पण ऑर्डर २०,००० वरच थांबली तर तेच ३० होतात, मग नफा कुठला राहतोय! म्हणून डायचे पैसे वेगळे मागा, नाहीतर किती नग उचलणार ते लिहून घ्या.

मशीनचा तासाचा रेट ६०० आणि सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) ४ मिनिटं, म्हणजे ४० रुपये असं पोरं सरळ लिहितात. सेटिंग, टूल बदलणं, लाईट जाणं धरून मशीन ८० टक्केच चालतंय, म्हणजे खरे ५० झाले की. फाउंड्रीतनं आलेला ओतीव नग खराब आहे हे मशिनिंगनंतर कळलं तर हे ५० पण गेले, ते वेगळं धरा.

पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड), स्क्रॅपचे भाव वाढले तर रेट वाढेल ही अट घालाच, गाडी कंपन्या दरवर्षी रेट कमी करा म्हणतातच.

आणि उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, लहान युनिटचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असा २००६ चा कायदा आहे.