भाडेकरूंचं आधार सोसायटीत कसं ठेवावं

कोथरूड असो वा वाकड, नवा भाडेकरू आला की आधारचा फोटो कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतो. हे आधी थांबवा. ग्रुपमधला फोटो अनेकांच्या गॅलरीत आपोआप उतरतो, तिथून गूगल फोटोजच्या बॅकअपमध्ये जाऊ शकतो. मग ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तरी ती प्रत मागे राहू शकते.

सोसायटीच्या नोंदीसाठी मास्क्ड आधार मागा. मायआधार संकेतस्थळावर डाउनलोड करताना तो पर्याय निवडला की शेवटचे ४ अंकच दिसतात. पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. इंग्रजी नावाची पहिली ४ अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष, हा साचा सगळ्यांना ठाऊक आहे. झेरॉक्सवाल्याला फाइल पाठवली असेल, तर ती त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्स फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही समोर उभं राहून काढून घ्या.

प्रतीवर फोटोला धक्का न लावता तिरकं लिहा: ‘फक्त सोसायटी नोंदीसाठी’, फ्लॅट नंबर, तारीख. फाइल कुलपाच्या कपाटात ठेवा, किल्ली सेक्रेटरीकडे. वॉचमनच्या टेबलावर फक्त नाव आणि फ्लॅट नंबर. भाडेकरूंची यादी एक्सेलमध्ये असेल, तर नुसता कॉलम लपवणं म्हणजे संरक्षण नव्हे, दोन क्लिकमध्ये तो उघडतो. फाइललाच पासवर्ड लावा.

भाडेकरू गेला, हिशेब मिटला की प्रत क्रॉस-कट श्रेडरमध्ये, म्हणजे कागद आडवा-उभा कापून बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रात, घाला. नुसत्या उभ्या पट्ट्या पुन्हा जुळवता येतात. रद्दीत तर मुळीच टाकू नका.