नवीन व्हीआर हेडसेटमध्ये पीसीचा शेअर फोल्डर उघडत नव्हता, असा सोडवला

जुना व्हीआर हेडसेट काढून नवीन घेतला तर पीसीवरचे ३६० डिग्री व्हिडिओ बघता येईनात, प्लेयरच्या यादीत पीसीचं नावच नाही. पीसीचं नेटवर्क प्रोफाइल पब्लिक होतं ते प्रायव्हेट केलं, मग नाव आलं पण लॉगिन काही होईना. खरी गोम ही की विंडोजचा पिन त्याच मशीनपुरता चालतो, नेटवर्कवरून पासवर्डच लागतो, म्हणून पीसीवर पासवर्डवाला वेगळा लोकल युजर बनवला, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या शेअरिंग आणि सिक्युरिटी दोन्ही टॅबमध्ये त्याला फक्त रीड परमिशन दिली आणि झालं की चालू! एसएमबी १ (नेटवर्कवर फाइल शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) ऑन करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका हां, २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्यातूनच पसरला होता. व्हिडिओ अडकत असेल तर हेडसेट ५ गिगाहर्ट्झ वायफायवर टाका, पीसीला सरळ लॅन केबल लावा.