पहिलं घड्याळ जोडण्याआधी: हत्यारांची यादी, आणि होल्डर

सगळ्यात आधी मशीन, म्हणजे घड्याळाची आतली यंत्रणा, धरायचा होल्डर. मागच्या वेळी डायल, काटे, केस (म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी), एनएच ३५ हे जपानी ऑटोमॅटिक मशीन, सगळं हौसेनं मागवलं आणि होल्डर मात्र 'टेबल आहेच की' म्हणून वगळला. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणाऱ्या, मशीनच्या पाठीला रोटर असतो, अर्धचंद्रासारखं फिरणारं वजन. डायल वर करून ते टेबलावर ठेवलं की डुगडुगतं. तासकाटा बसला, मिनिटकाटा बसला. सेकंदकाटा दाबताना मशीन कलंडलं, काट्याची बारीक नळी चेपली आणि डायलवर ओरखडा उठला. म्हणून होल्डर. आणि तोही तुमच्या मशीनच्या मापाचा. बाटलीचं झाकण चालत नाही, तेही करून बघितलंय.

भिंग, उजेड, पांढरा कागद हे सांगायला नको.

स्क्रूड्रायव्हर ०.८ ते १.६ मिलिमीटरपर्यंतचे पुरतात. पातं स्क्रूच्या खाचेत रुंदीला बरोबर बसलं पाहिजे. अरुंद पातं घसरतं, खाच खातं आणि जाता जाता शेजारच्या भागाला चाटून जातं. चिमटे दोन घ्या: एक अणकुचीदार स्टीलचा, दुसरा प्लास्टिकच्या टोकांचा. काट्यांना स्टील लावलंत की चरा पडलाच. बोटांना रबरी टोप्या घाला. धूळ उडवायला रबरी ब्लोअरच हवा. तोंडानं फुंकू नका, डायलवर थुंकी उडते आणि ती काच बसवल्यावरच दिसते.

काटे काढायला दोन लिव्हर, त्यांच्याखाली डायल वाचवायला प्लास्टिकचा पातळ तुकडा. बसवायला काटे दाबायचं हत्यार. काटे घेताना भोकाची मापं बघा. एनएच ३५ ला तास १.५०, मिनिट ०.९०, सेकंद ०.२० मिलिमीटर. ईटीए २८२४ या स्विस मशीनला पहिले दोन तेच, पण सेकंदाचं ०.२५. तो काटा एनएचवर सैल पडतो. दाबून उपयोग नाही. काटे बाराला बसवायचे तेही तारीख उडी मारते त्याच क्षणी, नाहीतर तारीख भरदुपारी बदलेल. आणि दाबताना मशीन कुठे? होल्डरमध्ये.

मागचं झाकण आट्यांचं की दाबाचं, हे आधी ठरवा. आट्यांच्या झाकणाला तीन दातांचा पाना लागतो, दाबाच्या झाकणाला बोथट सुरी. काच दाबायचं प्रेस सध्या नको, काच बसवलेली केसच घ्या.

चावीच्या (केसबाहेरच्या फिरवायच्या गुंडीच्या) दांडीसाठी कटर, बारीक कानस, दांडी पकडायला पिन व्हाइस. दांडी थोडी थोडी कापा, दर वेळी घालून बघा. आखूड झाली की लांब होत नाही, तेव्हा एक जादा ठेवा.

डीमॅग्नेटायझर स्वस्त असतो, घ्या: हत्यारातलं चुंबकत्व बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे हलणाऱ्या चाकाच्या, केसासारख्या बारीक स्प्रिंगला लागलं की वेटोळी चिकटतात आणि घड्याळ पुढे पळतं. गास्केटला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला, सिलिकॉन ग्रीस. पट्ट्याच्या पिनांचं हत्यार. झालं.

पैसे भरायच्या आधी मागणीत होल्डर आहे ना, तेवढं बघा.