विद्यापीठ प्रशासनातील अधिकाऱ्यांसाठी व्यावसायिक संघटना : सभासदत्व कसे घ्यावे, कसे वापरावे

अडचणीच्या नस्तीवर, म्हणजे फाइलवर, टिपणी लिहायला बसलेला कक्ष अधिकारी सर्वांत आधी पूर्वोदाहरण शोधतो. आपल्या विद्यापीठात असे प्रकरण पूर्वी आले होते का, आले असल्यास कोणत्या परिपत्रकाच्या आधारे काय निर्णय झाला, हे सापडले की पुढची टिपणी अर्ध्या तासात होते. ते सापडले नाही, तर तीच नस्ती 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन तीन टेबलांवर फिरते आणि महिन्याभराने मूळ जागी परत येते. व्यावसायिक संघटनेचा सर्वांत मोठा लाभ मला येथेच दिसतो. आपल्या कपाटात नसलेले पूर्वोदाहरण दुसऱ्या विद्यापीठाच्या कपाटात बहुधा असते आणि ते कोणाकडे आहे, हे संघटनेमुळे कळते. प्रमाणपत्रे, परिषदा, स्मरणचिन्हे या गोष्टी त्यामानाने दुय्यम आहेत.

महाराष्ट्रात हा लाभ अधिक सहज मिळतो, कारण राज्यातील बहुतेक अकृषी सार्वजनिक विद्यापीठे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या एकाच कायद्याखाली चालतात. कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी ही पदे आणि अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद ही प्राधिकरणे त्या सगळ्यांत त्याच नावांनी आहेत. १८५७ चे मुंबई विद्यापीठ आणि २०११ चे गोंडवाना विद्यापीठ यांच्या वयात दीडशे वर्षांचे अंतर असले, तरी महाविद्यालयाच्या संलग्नीकरणाचा प्रस्ताव दोन्हीकडे त्याच कायद्याच्या चौकटीत तपासला जातो. गोव्यातील सहकाऱ्याशी बोलताना मात्र सावध राहावे. गोवा विद्यापीठ १९८४ च्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झाले आहे, त्यामुळे तेथील कार्यपद्धती उपयोगी वाटली तरी तिला आपल्या कायद्यात आधार आहे का, हे आधी पाहावे लागते.

सभासद होण्यापूर्वी एक भेद स्पष्ट असावा. सेवाशर्ती, वेतननिश्चिती, आश्वासित प्रगती योजना, निवृत्तिवेतन यांसाठी लढणाऱ्या अधिकारी व कर्मचारी संघटना वेगळ्या, आणि कामाचे ज्ञान वाढवणाऱ्या व्यावसायिक संघटना वेगळ्या. पहिल्या प्रकाराची गरज मी कधीच नाकारणार नाही. माझ्या पिढीची थकबाकी अशा संघटनांनीच मिळवून दिली. परंतु बिंदुनामावलीतील, म्हणजे आरक्षणानुसार पदे भरण्याच्या क्रमवारीतील, एखादी गुंतागुंत किंवा लेखापरीक्षणातील आक्षेपाचे अनुपालन कसे लिहावे, याची चर्चा मोर्च्याच्या तयारीच्या बैठकीत होत नाही. दोन्ही कामे करणारी संघटना असेल तर उत्तमच, पण आपण कशासाठी वर्गणी भरत आहोत, हे स्वतःला ठाऊक असले पाहिजे.

माझ्या सेवेचा मोठा भाग परीक्षा विभागात गेला, म्हणून उदाहरण तेथलेच देतो. एका पावसाळ्यात आमच्या परीक्षा भवनाच्या तळघरात पाणी शिरले. जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे खालून फुगले, सुतळ्या कुजल्या आणि दोन दिवसांत जिन्यापर्यंत कुबट वास येऊ लागला. सगळे गठ्ठे ताबडतोब रद्दीत काढावेत, असा सूर होता. तथापि, परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात दिलेला होता आणि जतनाच्या मुदतीचा प्रश्न त्यामुळे नाजूक झाला होता. कोणता गठ्ठा काढायचा आणि कोणता ठेवायचा, यावर सही करायला कोणी तयार होईना.

पूर्वी एका कार्यशाळेत शेजारी बसलेल्या, दुसऱ्या विद्यापीठातील उपकुलसचिवांना मी दूरध्वनी केला. त्यांनी त्याच संध्याकाळी आपल्याकडील मंजूर टिपणीची प्रत पाठवली. तिच्यात सत्रनिहाय तक्ता होता आणि त्यात तीन जादा रकाने होते : न्यायालयीन प्रकरण प्रलंबित आहे का, माहिती अधिकाराचा अर्ज किंवा अपील प्रलंबित आहे का, गैरप्रकाराची चौकशी चालू आहे का. तिन्ही रकान्यांत 'नाही' असेल, तरच गठ्ठा बाहेर निघे. एकाही रकान्यात 'होय' असल्यास तो लाल कापडात बांधून वेगळ्या खोलीत जाई. कागदाचा लगदा समितीसमोर करायचा आणि वजनकाट्याची पावती नस्तीला जोडायची, असेही त्यात होते. आमची टिपणी चार दिवसांत मंजूर झाली. ते तीन रकाने मला कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत सापडले नव्हते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. अर्ज भरण्याआधी आपल्या टेबलावर गेल्या वर्षभरात अडकलेल्या पाच नस्त्यांचे विषय एका कागदावर लिहावेत. श्रेयांक (क्रेडिट) हस्तांतरण, स्थलांतर प्रमाणपत्र, परदेशी विद्यार्थ्यांची पात्रता, निविदा प्रक्रिया, रजा रोखीकरण, जे असेल ते. या कागदावरूनच आपल्याला कोणत्या प्रकारची संघटना हवी, ते ठरते. हा कागद कोरा राहत असेल, तर तूर्त वर्गणी भरण्याची घाई करू नये.

भारतीय पातळीवरची सर्वांत जुनी व्यवस्था म्हणजे भारतीय विश्वविद्यालय संघ. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला १९७३ मध्ये आजचे नाव मिळाले. तिचे सभासदत्व विद्यापीठाला मिळते, व्यक्तीला मिळत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आपले विद्यापीठ सभासद असेल, तर संघाच्या बैठका आणि प्रशिक्षण कार्यक्रमांची पत्रे कुलसचिव कार्यालयात येतच असतात. ती तेथेच फाइलबंद होतात, इतकेच. आवक विभागातील सहकाऱ्याला सांगून अशा पत्राची एक प्रत आपल्याकडे येईल, अशी व्यवस्था करावी. संघाचे 'युनिव्हर्सिटी न्यूज' हे साप्ताहिक ग्रंथालयात येत असल्यास तेही चाळावे. नवी दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था, म्हणजे नीपा, ही काही संघटना नव्हे. परंतु तिच्या कार्यक्रमांत भेटलेल्या लोकांतून पुढे टिकणारे गट तयार होतात.

वैयक्तिक सभासदत्वाची परंपरा परदेशात अधिक रुजलेली आहे. अमेरिकेत प्रवेश अधिकारी आणि कुलसचिव यांची संघटना १९१० पासून आहे, तर आंतरराष्ट्रीय शिक्षणाचे काम पाहणाऱ्यांची युरोपीय संघटना १९८९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे स्थापन झाली. ब्रिटनमधील विद्यापीठ प्रशासकांची संघटना आता 'असोसिएशन ऑफ हायर एज्युकेशन प्रोफेशनल्स' या नावाने ओळखली जाते. तिकडच्या विद्यापीठांच्या कार्यालयांत नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांनी सभासदत्वाचे शुल्क आपली संस्था भरते का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे. इकडे बसलेल्या अधिकाऱ्याला अशा संघटनेचा उपयोग मुख्यतः आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात असेल तरच होतो. एरवी शुल्क परकीय चलनातले आणि प्रश्न देशी, असा तो व्यवहार होतो.

राज्यातील किंवा विभागातील संघटना निवडताना तिची घटना, नोंदणी क्रमांक, मागील वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब आणि शेवटच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मागावे. आपण आयुष्यभर इतरांच्या नस्त्यांत हेच शोधत आलो आहोत, मग स्वतःच्या वर्गणीच्या बाबतीत संकोच कशाला? हिशेबापेक्षाही मी इतिवृत्ताला अधिक महत्त्व देतो. त्यात सत्कार, शुभेच्छा आणि शोकप्रस्ताव यांपलीकडे कामाचा एखादा विषय चर्चेला आलेला दिसला, तर संघटना जिवंत आहे असे समजावे. पदाधिकाऱ्यांची निवडणूक वेळेवर होते का आणि कनिष्ठ पदावरील सभासदांना बोलू दिले जाते का, हेही विचारावे. केवळ कुलसचिवांचा गट असेल, तर तेथे धोरणाच्या गप्पा होतील. प्रत्यक्ष तक्ते सहायक कुलसचिव आणि कक्ष अधीक्षकच भरत असतात.

शुल्क स्वतः भरावे, हा माझा सल्ला आहे. विद्यापीठ निधीतून भरायचे असल्यास अर्थसंकल्पीय तरतुदीचे शीर्ष, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आणि कामाशी असलेला संबंध या तिन्ही गोष्टी टिपणीत आल्या पाहिजेत, अन्यथा तीन वर्षांनी लेखापरीक्षक तीच पावती समोर ठेवतो. परिषदेला जाण्यासाठी कर्तव्य रजा मागताना 'सहभागी होण्यास परवानगी मिळावी' एवढेच लिहून थांबू नये. कार्यक्रमपत्रिकेतील कोणते सत्र आपल्या विभागाच्या कोणत्या प्रलंबित विषयाशी संबंधित आहे, हे दोन ओळींत लिहिल्यास मंजुरी लवकर मिळते. संघटनेत पदाधिकारी होण्याचा विचार असेल, तर आपल्याला लागू असलेले सेवानियम आधी वाचावेत आणि प्रशासनाला लेखी कळवावे.

सभासद झाल्यानंतरचे पहिले सहा महिने निर्णायक ठरतात. बहुतेक जण संघटनेच्या गटात नाव नोंदवतात, सणांच्या शुभेच्छा पाठवतात आणि मार्चअखेरीस उपयोग काय झाला म्हणून विचारतात. त्याऐवजी आपल्याच पदावर, आपल्याच प्रकारचे काम करणाऱ्या, तीन वेगवेगळ्या विद्यापीठांतील तीन व्यक्ती निवडाव्यात आणि शक्य असल्यास त्यांचे कार्यालय एकदा प्रत्यक्ष पाहून यावे. निकाल विभागातील टेबलांची मांडणी, गुणपत्रिका दुरुस्तीच्या अर्जांची नोंदवही, खिडकीवर लावलेली सूचना यांतून जे कळते, ते सादरीकरणातून कळत नाही. एका विद्यापीठाच्या खिडकीवर 'आईचे नाव आधार कार्डाप्रमाणे नव्हे, शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे' अशी ठळक पाटी मी पाहिली. आमच्याकडे येणारे दुरुस्तीचे कितीतरी अर्ज याच गोंधळातून येत होते. परत आल्यावर पाटी करून लावली. खर्च फलक रंगवणाऱ्याच्या मजुरीएवढा आला.

प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. 'श्रेयांक हस्तांतरणाबाबत मार्गदर्शन करावे' या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. याउलट 'परराज्यातील विद्यापीठातून दुसऱ्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याचे श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणाऱ्या डिजिटल व्यवस्थेच्या) खात्यात दिसतात, पण आमच्या अभ्यासक्रमात त्या विषयाला समकक्ष विषय नाही. आपल्याकडे असा निर्णय अभ्यासमंडळाने घेतला की अधिष्ठात्यांनी?' असे विचारले, तर दोन-तीन जण तरी लिहितात. उत्तर मिळाल्यावर त्यामागचा ठराव किंवा परिपत्रक अवश्य मागावे. 'आमच्याकडे असेच करतात' या वाक्यावर टिपणी उभी राहत नाही. दुसऱ्या विद्यापीठाचा निर्णय आपल्यावर बंधनकारक नसतो, म्हणून टिपणीत त्याचा उल्लेख केवळ माहितीसाठी करावा आणि प्रस्ताव स्वतःच्या अध्यादेशावर किंवा परिनियमावर आधारावा.

गोपनीयतेच्या बाबतीत मात्र कसलीही सवलत घेऊ नये. विद्यार्थ्याचे नाव, आसन क्रमांक, कर्मचाऱ्याच्या चौकशीचे तपशील, प्राश्निकांची (प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची) किंवा परीक्षकांची नावे यांपैकी काहीही गटात जाता कामा नये. नस्तीच्या पानाचे छायाचित्र काढून टाकणे तर सर्वस्वी अयोग्य आहे. कोपऱ्यातील नाव झाकले तरी पत्राच्या जावक क्रमांकावरून प्रकरण ओळखता येते. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, परंतु परीक्षेच्या कामातील गुप्ततेला त्या कायद्याची वाट पाहावी लागलेली नव्हती.

मिळालेली माहिती आपल्या विभागात परत आणणे हे बहुतेकांकडून राहून जाणारे काम आहे. परिषदेहून आल्यावर एका पानाचे टिपण करावे : काय पाहिले, आपल्याकडे काय लागू होईल, त्यासाठी कोणाची मंजुरी लागेल. हे पान वरिष्ठांकडे आणि शेजारच्या टेबलाकडे, दोन्हीकडे जावे. त्याचबरोबर आपल्याकडील एखादी चांगली टिपणी, तक्ता किंवा नमुना, नावे वगळून आणि वरिष्ठांच्या अनुमतीने, संघटनेला द्यावा. केवळ घेणाऱ्याचा दूरध्वनी तिसऱ्या वेळी कोणी उचलत नाही.

आपल्या परिसरात अशी संघटना नसेल, तर सुरुवात चार-पाच विद्यापीठांतील समपदस्थ अधिकाऱ्यांच्या तिमाही बैठकीने करावी आणि प्रत्येक बैठकीला एकच विषय ठेवावा. बैठका वर्षभर टिकल्या, तरच नोंदणीचा विचार करावा; संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार त्यासाठी किमान सात सभासद लागतात. आधी बोधचिन्ह, मग अध्यक्ष आणि शेवटी विषय, अशा क्रमाने उभ्या राहिलेल्या दोन संघटना मी पाहिल्या. दोन्हींची लेटरहेडे अजून कुठल्यातरी खणात पडली असतील.

दरवर्षी वर्गणी भरण्यापूर्वी तो पाच विषयांचा कागद पुन्हा काढावा आणि संघटनेतील ओळखीमुळे मार्गी लागलेल्या विषयांवर खूण करावी. दोन वर्षे एकही खूण झाली नाही, तर सभासदत्व सोडण्यात काही गैर नाही. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत कपाटांच्या किल्ल्या, शिक्के, नोंदवह्या यांच्याखाली आणखी एक नोंद घालावी : कोणत्या विषयासाठी कोणत्या विद्यापीठातील कोणत्या पदावरील अधिकाऱ्याशी बोलावे. व्यक्तीऐवजी पद लिहावे, म्हणजे त्या खुर्चीत उद्या दुसरे कोणी बसले तरी यादी चालते.