मोठ्या माणसांना कम्प्युटर आणि त्यातलं इंग्रजी शिकवायचंय? आधी त्यांच्या वहीकडे बघा

मोठ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग घ्यायला लागलं की थोड्याच दिवसांत कुणीतरी म्हणतंच, मॅडम ते कम्प्युटरचं पण जरा दाखवा ना. आणि मग आपण काय करतो, तर मॉनिटर कीबोर्ड माऊस सीपीयू अशी चित्रं असलेला कागद वाटतो, हे इनपुट डिव्हाइस ते आउटपुट डिव्हाइस, पाठ करा. ते नका करू प्लीज. ज्या मावशींना लाइट बिल ऑनलाइन बघायचंय त्यांना सीपीयूचा फुलफॉर्म कशाला हवाय.

मी आमच्या भागातल्या वाचनालयात संध्याकाळी असा वर्ग घेते. बहुतेक जण मराठी मिडियमचे, चाळिशी ते पासष्टीचे, बचत गटाच्या ताया, रिटायर झालेले काका, एखाददुसरा दुकानवाला. एबीसीडी सगळ्यांना येते पण शब्द वाचायला वेळ लागतो आणि बोलायची लाज वाटते. तुमचा गट असा असेल तर पुढचं उपयोगी पडेल. ज्यांना सर्टिफिकेट हवंय त्यांच्यासाठी २००१ पासून एमएस-सीआयटी आहेच, सेंटर पण बऱ्याच ठिकाणी आहेत, त्यांना तिकडे पाठवा. आपला वर्ग त्याच्या आधीचा.

आता वहीचं. मोठी माणसं सगळं लिहून घेतात, आणि काय लिहितात तर "वरून तिसरं बटण दाबणे, मग उजवीकडे निळा चौकोन, त्यानंतर खाली". वेबसाइटवाल्यांनी एक दिवस तो निळा चौकोन हिरवा करून डावीकडे नेला की संपलं, वही वाया, आणि माणूस म्हणतो मला नाही जमत हे. जमत नाही असं काही नसतं, आपण त्यांना जागा पाठ करायला लावली, वाचायला लावलंच नाही. त्यामुळे माझ्याकडे नियम असा की वहीत जागा आणि रंग लिहायचा नाही. बटणावर जो इंग्रजी शब्द आहे तो जसाच्या तसा इंग्रजी अक्षरात लिहायचा आणि खाली मराठीत लिहायचं की दाबल्यावर काय झालं. अर्थ नाही, काय झालं ते. सबमिट म्हणजे "सादर करणे" असं लिहून कुणाला काही कळत नाही, "फॉर्म गेला, आता बदलता येत नाही" असं लिहिलं की बरोबर डोक्यात बसतं.

पहिल्या दिवशी कम्प्युटर चालूच करू नका. फळ्यापाशी उभं राहा आणि विचारा, एटीएममध्ये काय काय लिहिलेलं दिसतं? पिन, एंटर, कॅन्सल, बॅलन्स, क्लिअर. व्हॉट्सॲपमध्ये? फॉरवर्ड, डिलीट, म्यूट, ब्लॉक, ॲडमिन. बघता बघता फळा भरतो. हे शब्द त्यांच्या तोंडात रोज असतात, फक्त अक्षरांशी गाठ पडलेली नसते, मग त्यांच्याकडूनच स्पेलिंग काढून घ्यायचं. रिसीटमधला पी सांगून टाका, नाहीतर रिसीप्ट म्हणतात. आणि एक धडा तर फुकट मिळतो: "डिलीट फॉर मी" आणि "डिलीट फॉर एव्हरीवन". चुकून भलत्याच ग्रुपवर फोटो गेला, घाईत डिलीट फॉर मी दाबलं, म्हणजे आपल्या फोनवरून गेला आणि बाकी सगळ्यांना दिसतोच आहे, हा किस्सा वर्गात कुणाकडे ना कुणाकडे असतोच. एका शब्दाने केवढा फरक पडतो हे मला वेगळं सांगावं लागत नाही, वर्गच सांगतो. तिथून पुढे बटण दाबायच्या आधी पूर्ण वाचायची सवय लावणं सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी माऊस. फोन वापरणारी माणसं आधी लॅपटॉपच्या स्क्रीनलाच बोट लावतात, हसू नका, साहजिक आहे. माऊस टेबलाच्या कडेपर्यंत गेला की तो उचलून परत मधे ठेवायचा असतो हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचंच राहतं, आणि तिकडे काका हात लांब करून करून टेबलाखाली जायच्या बेतात. डबल क्लिक हा सगळ्यात मोठा अडथळा. दोन क्लिकच्या मधे हात हलतो, मग फाइल उघडायच्या ऐवजी सरकते किंवा नाव बदलायची चौकट येते. त्यावर तास घालवू नका, एकदा क्लिक करून एंटर दाबायला सांगा, काम तेच होतं. सेटिंगमध्ये जाऊन पॉइंटर मोठा आणि त्याचा वेग कमी करून ठेवा, हे वर्ग सुरू व्हायच्या आधी तुम्हीच करायचं. ड्रॅग शिकवायला पत्ते बेस्ट. १९९० मध्ये विंडोज ३.० आलं त्यात सॉलिटेअर होता, आणि त्या काळात कितीतरी लोकांचा माऊसवर हात बसला तो त्या पत्त्यांमुळे. आमच्या काकांना तर त्यानंतर उठवावं लागतं.

कीबोर्डला एक गंमत होते. बटणांवर सगळी अक्षरं कॅपिटल छापलेली आणि स्क्रीनवर उमटतात स्मॉल, त्यामुळे कीबोर्ड खराब आहे अशी तक्रार हमखास येते. शिफ्ट आणि कॅप्स लॉक इथेच दाखवून टाका. बॅकस्पेस मागचं खातं आणि डिलीट पुढचं, हे दोन्ही दाबून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि कंट्रोल झेड लवकरात लवकर शिकवा, केलेलं मागे घेता येतं हे कळलं की टाइप करताना घाबरणारा माणूस घाबरायचा थांबतो.

टायपिंगच्या सरावाला एएसडीएफच्या ओळी देऊ नका, कंटाळतात. पासबुक आणायला सांगा आणि त्यातला आयएफएससी कोड टाइप करायला लावा. अकरा खुणा असतात, पहिली चार बँकेची अक्षरं, शेवटच्या सहा शाखेच्या, आणि मधला पाचवा नेहमी शून्य. निम्मा वर्ग तिथे ओ टाइप करतो. मग शून्य कुठे आणि ओ कुठे, दोन्ही वेगळी बटणं का, हे एकदाच काय ते समजतं. पॅनचं पण असंच, पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, पण तिथे खोटा नंबर बनवून द्या, खरा पॅन आणि आधार कॉमन मशीनवर टाइप करायची सवय वर्गात लावू नका.

आता फॉर्म. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, माझं तर मत आहे की अर्धा कोर्स फॉर्मचाच असावा. कारण आपल्याकडे नाव सांगायची पद्धत आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी. फॉर्ममध्ये पहिला चौकोन फर्स्ट नेमचा. फर्स्ट म्हणजे पहिलं, म्हणून ताया तिथे आडनाव टाकतात, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच आहे हो! मग मिडल नेममध्ये माहेरचं की सासरचं, सरनेम आणि लास्ट नेम एकच का, फादर्स नेम विचारलंय तिथे नवऱ्याचं नाव चालेल का, असे प्रश्न सुरू होतात आणि हे सगळे खरे प्रश्न आहेत, आधारवर एक आणि बँकेत दुसरं नाव असल्याने कामं अडलेली माणसं समोरच बसलेली असतात. "ॲज पर आधार" असं लिहिलेलं असेल तर कार्ड बाजूला ठेवून अक्षर न अक्षर तसंच उतरवायचं, हे चार वेळा करून घ्या. लाल चांदणी असलेला चौकोन रिकामा सोडता येत नाही, "मँडेटरी" आणि "रिक्वायर्ड" दोन्हीचं काम तेच. "सेम ॲज अबव्ह"ला टिक केली की पत्ता परत टाइप करावा लागत नाही, हे कळल्यावर वर्गात आनंद होतो.

जन्मतारखेचं कॅलेंडर उघडलं की एकेक महिना मागे जात १९६१ पर्यंत पोचायला निघालेले लोक मी बघितलेत. वरच्या सालावर क्लिक केलं की बहुतेक ठिकाणी सालांची यादी येते. हे सांगितलं नाही तर कुणाला कळणारच नाही. फोटो अपलोड करताना साइज मोठी झाली म्हणून लाल अक्षरात मेसेज येतो, तो वाचायला लावा, त्यातले "एक्सीड्स", "मॅक्सिमम", "केबी" एवढे तीन शब्द कळले तरी पुरे.

स्क्रीनवर येणाऱ्या अशा मेसेजचा एक खास तास ठेवा. लिब्रेऑफिस रायटर हा पत्रं वगैरे टाइप करायचा प्रोग्राम फुकट मिळतो, त्यात चार ओळी लिहून खिडकी बंद करायला सांगा. सेव्ह, डोन्ट सेव्ह, कॅन्सल अशी तीन बटणं येतात. माणसं घाबरून कॅन्सल दाबतात, खिडकी तशीच राहते, परत बंद करतात, परत तेच. तिन्ही बटणं मुद्दाम दाबून बघायची, फाइल राहिली का गेली ते तपासायचं. डोन्टकडे बघायची सवय इथे लागते. रायटरचा मेनू मराठीत पण करता येतो पण आपल्याला इंग्रजी शिकवायचंय, तेव्हा इंग्रजीच ठेवा. घरी सरावाला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिब्रेऑफिसचे मराठीतले धडे आहेत, ते सुचवा.

इंग्रजी बोलणं यात कसं आणायचं तर जोड्या लावा. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याने नुसतं सांगायचं, आणि सांगायचं इंग्रजीत. क्लिक ऑन फाइल. नाऊ क्लिक सेव्ह ॲज. नो नो, गो बॅक. बोट दाखवायचं नाही. व्याकरण इथे दुरुस्त करू नका, वाक्यं छोटी असतात, काम झालं म्हणजे वाक्य बरोबर होतं. नंतर अडचण सांगायची वाक्यं घ्या, इट इज नॉट ओपनिंग, इट इज आस्किंग फॉर पासवर्ड, आय डिड नॉट गेट द ओटीपी. हेल्पलाइनवर कधी इंग्रजीतच बोलणारा भेटला तर एवढ्यावर निभतं. आणि तुम्ही, म्हणजे शिकवणाऱ्याने, हात पाठीमागे बांधून फिरायचं. थांबा मी करून देते असं म्हणून माऊस ओढून घेतला की तो धडा गेलाच, घरी मुलं नेमकं तेच करतात म्हणून तर ही माणसं आपल्याकडे आलीयत.

अलाउ, ॲक्सेप्ट, पे हे शब्द दिसले की हात थांबला पाहिजे, हे वारंवार सांगा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, पैसे घेताना पिन विचारला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. फसवणूक झालीच तर १९३० नंबर, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला लावा. मराठी टायपिंग कधी, असं विचारतातच, पण ते मी शेवटी घेते, दोन कीबोर्ड एकदम डोक्यात नकोत.

परीक्षा घ्यायची असेल तर अशी घ्या: वर्गात कधीच न उघडलेली एखादी वेबसाइट द्या, समजा एसटीचं तिकीट. गाव निवडा, तारीख निवडा, सीट निवडा, आणि पैसे भरायच्या पानापर्यंत पोचून थांबा. वही उघडी चालेल, शेजाऱ्याला इंग्रजीत विचारलेलं पण चालेल. पानावर पोचल्यावर तिथे काय काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचं, मग लॉगआउट शोधायचं, आणि ते झाल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.