टर्बो वाढवला म्हणून व्हीव्हीटी काढू नका

टोयोटाच्या १जेझेड-जीटीई या पेट्रोल इंजिनावर मोठा टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) चढवायचं ठरलं की पहिला सल्ला हमखास येतो: "व्हीव्हीटी-आय काढ, ॲडजस्टेबल कॅम गियर बसव, कटकट मिटेल." व्हीव्हीटी-आय म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम इंजिन चालू असतानाच तेलाच्या दाबाने पुढे-मागे फिरवणारी यंत्रणा; ॲडजस्टेबल गियर मात्र एकदा लावलेल्या कोनावरच राहतो. तो सल्ला ऐकणं ही चूक सगळ्यात महागात पडते.

१९९६ साली टोयोटाने या इंजिनाचे दोन टर्बो काढून एक बसवला आणि इनटेक कॅमला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या कॅमला, व्हीव्हीटी-आय दिलं. आधी ३६३ एनएम टॉर्क ४८०० आरपीएमला मिळायचा, नंतर ३७९ एनएम २४००लाच मिळू लागला. त्यात टर्बोचाही वाटा होता, मान्य. पण मोठा टर्बो उशिरा जागा होतो, आणि नेमकं तेव्हाच पुढे घेतलेला कॅम कामाला येतो. इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटतो, आत आलेली हवा परत इनटेकमध्ये ढकलली जात नाही. वरच्या आरपीएमला मात्र एक्झॉस्टमधला दाब बूस्टच्या (टर्बोने आत भरलेल्या हवेच्या दाबाच्या) पुढे गेला की ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असताना, जळका वायू उलटा सिलिंडरमध्ये शिरतो. तिथे कॅम मागे घ्यावाच लागतो. फिक्स गियरला या दोन्ही गोष्टी जमणार कशा?

व्हीव्हीटी ठेवून कंपनीचाच कॅम मॅप चालवणं ही दुसरी चूक. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) कॅम ०, १०, २०, ३० अंशांवर रोखून एकेक पुल (पूर्ण ॲक्सिलरेटरवरची धाव) घ्या, आलेख एकावर एक ठेवा आणि ज्या आरपीएमला जी रेघ वर, तो कोन घ्या. मग फ्युएल आणि इग्निशन पुन्हा लावा, कारण आत जाणारी हवाच बदललेली असते. इथे एक फसगत होते. पोर्ट इंजेक्शनमध्ये ओव्हरलॅप जास्त झाला तर थोडं मिश्रण न जळता थेट एक्झॉस्टमध्ये जातं. सेन्सरला त्यातला ऑक्सिजन दिसतो, तो मिश्रण लीन (पेट्रोल कमी) दाखवतो, आणि ट्यूनर आणखी पेट्रोल ओततो. अशा वेळी आधी कॅम थोडा मागे घेऊन बघा.

मोठे कॅम टाकताय? पिस्टनवर क्ले (मऊ माती) ठेवून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधला क्लिअरन्स तपासा, तोही इनटेक कॅम पूर्ण पुढे असताना.

शारजाहत माझ्या गाडीच्या लॉगमध्ये टार्गेट ३० अंश आणि प्रत्यक्ष कॅम १२वर रेंगाळलेला. दोनदा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह (कॅम फिरवणारं तेल सोडणारा) बदलला, फरक शून्य. शेवटी तेलाच्या वाटेवरची बारीक जाळी काढली, तर तिच्यात साखरेच्या दाण्याएवढे सिलिकॉनचे करडे कण. कॅम कव्हर बसवताना कुणीतरी सीलंट सढळ हाताने लावलं होतं. म्हणून व्हॉल्व्हवर पैसे घालण्याआधी जाळी बघा. तेलही बघा: घट्ट २०डब्ल्यू-५० थंड असताना कॅमला वेळेवर हलू देत नाही.

फक्त ड्रॅगसाठी, कायम वरच्या आरपीएमवर चालणारी गाडी असेल किंवा ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) व्हीव्हीटी चालवताच येत नसेल, तर खुशाल काढा. पण डायनोवर सापडलेल्या कोनाला लॉक करा. नुसतं व्हीव्हीटीचं विजेचं सॉकेट काढून ठेवलं तर इनटेक कॅम पूर्ण मागे जाऊन बसतो आणि खाली गाडी अगदी मरगळते.