पोटाचा एमआरआय करायचाय? या चुका टाळा

मी सोलापुरात एमआरआय टेक्निशियन आहे. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याहून पेशंट येतात, तसे सीमेपलीकडच्या इंडी-अफजलपूरहूनही येतात. पोटाचा किंवा ओटीपोटाचा स्कॅन बिघडला की कारणं तीच ती असतात, आणि त्यातली बरीचशी घरून निघतानाच टाळता येतात.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे "नुसता चहाच घेतला". पोटाच्या स्कॅनला साधारण चार ते सहा तास उपाशी यायला सांगतात. लोकांना वाटतं, हे उलटी होऊ नये म्हणून असेल, घोटभर चहानं काय होतंय! मंगळवेढ्याकडचे एक मामा आले होते. कावीळ झालेली, पित्ताशयात खडे. खडा सरकून पित्तनळीत अडकलाय का, हे बघायला डॉक्टरांनी एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्या दाखवणारा एमआरआयचाच प्रकार, सांगितली होती. मी विचारलं, "मामा, उपाशी आहात ना?" मुलगाच म्हणाला, "हो, काल रात्रीपासून." इमेज आल्या तर जठर आणि लहान आतड्याची सुरुवात पांढरीशुभ्र, भरलेली. एमआरसीपीत साचलेलं पाणी पांढरं दिसतं. पित्तही पांढरं, चहाही पांढरा. नळीचं खालचं टोक जिथं नीट बघायचं होतं, तिथंच चहाचा पांढरा डाग येऊन बसला होता. दुधातल्या स्निग्धांशानं पित्ताशयही आक्रसलेलं. मग मुलानं सांगितलं, एस.टी. स्टँडवर उतरल्यावर वडिलांना गरगरायला लागलं म्हणून चहा-बिस्किट दिलं. त्याची माया मला कळते. पण दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं, पुन्हा दोघांचं भाडं, मुलाचा रोज बुडाला, आणि आजारी माणसाची दगदग वेगळीच.

त्यामुळे नंबर घेतानाच सांगा, की आम्ही लांबून येतोय, पेशंटला शुगर आहे, सकाळचा पहिला नंबर द्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन त्या दिवशी घ्यायचं की नाही, हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. उपाशीपोटी नेहमीचा डोस घेतला तर साखर एकदम उतरू शकते. बीपीची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर चालते, तेही विचारून घ्या. साबुदाण्याची खिचडी खाऊन आलात तर ते उपाशी पोट नाही. आणि काही ठिकाणी एमआरसीपीआधी अननसाचा रस देतात, त्यातल्या मँगनीजमुळे जठरातलं पाणी काळं दिसतं म्हणून. तो आम्ही सांगितला तरच आणि तेवढाच प्यायचा, घरून पिऊन यायचा नाही.

दुसरी चूक श्वासाची. एक्स-रे क्षणात होतो, म्हणून लोकांना वाटतं इथंही नुसतं पडून राहायचं, बाकी मशीन बघेल. लिव्हर, स्वादुपिंड, किडन्या श्वासाबरोबर वर-खाली सरकतात. म्हणून मधे मधे पंधरा-वीस सेकंद श्वास रोखायला सांगतो. तेवढ्यात कुणी हळूच श्वास घेतला की इमेजवर पट्टे उमटतात आणि ती पूर्ण फेरी पुन्हा घ्यावी लागते. "मॅडम, लवकर उरका" म्हणणाऱ्यांचीच अशी फेरी जास्त वेळा होते. मी प्रत्येकाला आत नेण्याआधी बाहेर खुर्चीवर बसवून, हात पोटावर ठेवायला लावून तीनदा सराव करून घेते: श्वास घ्या, सोडा, आता थांबा. श्वास सोडून थांबायचं, कारण भरून घेतलेल्या श्वासाचं माप दरवेळी वेगळं पडतं, सोडल्यावर पोट बहुतेक त्याच जागी येतं. आदल्या रात्री घरी घड्याळ लावून हेच करा. दम्यामुळे किंवा वयामुळे जमत नसेल तर आधी सांगा, मोकळ्या श्वासावर घेण्याचे प्रकार आहेत, वेळ जास्त लागतो इतकंच. तेलुगू किंवा कन्नड सोयीचं असेल तर तेही सांगा. हेडफोनमधली सूचना कळलीच नाही म्हणून घाबरलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत.

धातूबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही, कारण हे मशीन म्हणजे मोठा चुंबकच. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन चिकटते, बांगडीतलीही चिकटते. पुरुषांच्या कमरेचा करदोडा तर बरोबर स्कॅनच्या जागेवर असतो, त्यात ताईत किंवा कपाटाची किल्ली असली की तिथली इमेज काळी पडते. जोडवी निघत नसतील तर साबण लावून घरीच काढा. चुन्याची डबी, बेल्ट, केसातल्या पिना, जरीची साडी, सगळं बाहेर. आवाज थांबला म्हणजे मशीन बंद झालं असं समजून नातेवाईक आत धावतात, हे सगळ्यात धोक्याचं. चुंबक रात्रंदिवस चालूच असतो, त्याची ताकद १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद मोजायचं एकक) म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजारपटीहून जास्त. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआय खोलीत गेला आणि त्यात पेशंटच्या नातेवाईक तरुणाचा जीव गेला. पेसमेकर, क्लिप, स्टेंट, कानातलं इम्प्लांट, कॉपर-टी काहीही असलं तरी सांगा. एमआयडीसीत वेल्डिंग-ग्राइंडिंग करणाऱ्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तेही. आधी एक्स-रे काढून खात्री करता येते.

ओटीपोटाच्या स्कॅनला सोनोग्राफीसारखी लघवी तुंबवून येऊ नका. अर्धा-पाऊण तास तसं पडून राहवत नाही, माणूस हलतो. नेमकं किती पाणी प्यायचं ते सेंटरवर विचारा.

बायकांनी पाळीची तारीख सांगावी, दिवस राहिल्याची शंका असली तरी लाजू नये.

किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणा, कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे इमेज जास्त स्पष्ट यावी म्हणून देतात त्या, इंजेक्शनचा निर्णय त्यावर ठरतो. आतड्याची हालचाल थांबवायला कधी वेगळं इंजेक्शन देतात, काचबिंदू किंवा हृदयविकार असेल तर त्याआधीच बोला.

घुसमटतं अशी भीती असेल तर नंबर घेतानाच सांगा. हातात बेलचा फुगा असतो, दाबला की आम्ही लगेच बोलतो.

स्कॅन संपला की टेबलावरूनच विचारतात, "काय निघालं?" मी सांगत नाही. शेकडो इमेज रेडिओलॉजिस्ट शांतपणे बघतात आणि जुन्याशी ताडतात. म्हणून जुनी सोनोग्राफी, सीटीच्या फिल्म, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आदल्या रात्रीच पिशवीत भरा. फाईल गावी राहिली तर घरच्यांकडून मोबाईलवर फोटो मागवा, पण पूर्ण पान आणि तारीख दिसेल असे.